चवीचं माहेर

आमच्या नांदेडात चहा रोजचा आणि कॉफी पाहुणी. घरी चहा न घेणारं कुणी आलं, मुलांची बारावीची जागरणं सुरू झाली, नाहीतर थंडीत रात्री गप्पा रंगल्या, की मग कॉफीची आठवण येते. दूध जरा आटू द्यायचं, साखर चहापेक्षा सढळ हातानं घालायची आणि वरून थोडं जायफळ किसायचं. झाली कॉफी! कोणती, तर पुडीतली. ती पुडीतली कॉफी कुठून आली, कुणाच्या रानातली, हा प्रश्न तुम्हाला कधी पडलाय?

माझी भाची बंगळूरला नोकरी करते. दिवाळीला येताना तिनं मिठाईऐवजी कॉफीची तीन पाकिटं आणली. एकावर लिहिलेलं कूर्ग, दुसऱ्यावर चिकमगळूर, तिसऱ्यावर अरकू. नुसतं गावाचं नाव नाही हं! मळा समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे, झाडं कुणाच्या सावलीत वाढली, फळ तोडल्यावर धुऊन वाळवलं की तसंच वाळवलं, सगळं छापलेलं. आणि खाली चव लिहिलेली: लिंबाचा आंबटपणा, गूळ, भाजलेला बदाम. माझ्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, कॉफीत लिंबू पिळलं तर दूध नासेल की!" आम्ही हसलो खरं, पण भाचीनं तिन्ही कॉफ्या बिनदुधाच्या करून पुढ्यात ठेवल्या, तेव्हा गप्प झालो. एक जिभेवर हलकी आंबट, एक भारदस्त, एक गोडसर. तिन्ही कॉफीच, पण तीन बहिणींसारखी. तोंडवळा एक आणि स्वभाव वेगवेगळे.

दुसऱ्या दिवशी डाळ डब्यात भरताना सहज पाकीट उलटून पाहिलं. वजन होतं, किंमत होती, पाकीट भरल्याची तारीख होती, पाकीट भरणाऱ्याचा पत्ताही होता. तूर कुठल्या शिवारातली, ते मात्र कुठंच नाही. वर्षातून दहा वेळा होणाऱ्या कॉफीचा सगळा गोतावळा पाकिटावर, आणि दोन्ही वेळच्या वरणाच्या डाळीला माहेरच नाही? तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात घोळतोय. मग वाचत गेले, विचारत गेले. ते आज तुम्हाला सांगते.

कॉफी डोंगरावर का रुसून बसते?

कॉफी आपल्या देशात आली ती बाबा बुदान नावाच्या सूफी संताबरोबर, असं सांगतात. सतराव्या शतकात हजहून परत येताना त्यांनी येमेनमधून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या. त्या डोंगराला आजही बाबाबुदनगिरी म्हणतात. आज देशातली साधारण सत्तर टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात पिकते.

कॉफीच्या मुख्य जाती दोन. अरेबिका नाजूक, तिला उंची आणि गारवा लागतो. आपल्या देशात ती बहुतेक हजार ते दीड हजार मीटर उंचीवर लावतात. रोबस्टा दणकट, जरा खालच्या उतारावरही येते. चवीला कडक, आणि झोप उडवणारं कॅफीन तिच्यात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट.

आता उंचीचा आणि चवीचा संबंध काय? तर तो आहे सावकाशपणाचा. कॉफीचं फळ लालचुटूक, करवंदाएवढं असतं आणि आपण पितो ती त्याच्या आतली बी. फूल आल्यापासून फळ पिकायला अरेबिकाला आठ-नऊ महिने लागतात. म्हणजे बाळंतपणच म्हणा की! डोंगरावर रात्री गार असतात, त्यामुळे फळ हळूहळू पिकतं. तेवढा वेळ बीमध्ये साखर आणि आंबट द्रव्यं साठत राहतात, बी घट्ट आणि जड होते. भाजल्यावर त्याच साठ्यातून तो गुळाचा, लिंबाचा, बदामाचा भास तयार होतो. खाली उष्ण हवेत तेच झाड लावलं तर फळ घाईनं पिकतं आणि चव सपाट होते. अढीतला आंबा आणि पावडरीनं पिकवलेला आंबा यातला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. तसंच हे.

सावलीचंही महत्त्व आहे. आपल्याकडची कॉफी मोठ्या झाडांच्या सावलीत वाढते. त्या झाडांवर मिरीचे वेल चढवलेले असतात. सावलीनं ऊन अडतं, पालापाचोळ्यानं जमीन ओली राहते आणि फळाची घाई आणखी कमी होते. मार्च-एप्रिलमध्ये एक-दोन सरी पडल्या की अख्खा मळा पांढऱ्या फुलांनी भरतो. त्या सरी चुकल्या तर फुलोरा चुकतो आणि वर्षाचं गणित बिघडतं. ऐन मोहरात आभाळ आलं की आंबेवाल्यांच्या पोटात कसा गोळा येतो, ते आपण पाहतोच.

मग आपल्या काळ्या रानात काय?

आपल्या महाराष्ट्रात कॉफी अगदीच नाही असं नाही. अमरावती जिल्ह्यात, मेळघाटातल्या चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत. ते ठिकाण साधारण अकराशे मीटर उंच. आपलं लातूर सहाशेच्या आसपास आणि नांदेड तर त्याहून खाली, गोदावरीच्या काठावर. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो. पाऊस सातशे ते नऊशे मिलिमीटर, तोही रुसत-फुगत. कॉफीला पाहिजे दीड ते अडीच हजार मिलिमीटर. शिवाय तिला जरा आंबट गुणाची, पाण्याचा निचरा करणारी जमीन लागते. आपली काळी माती उलट गुणाची, खारट अंगाची आणि पाणी धरून ठेवणारी. म्हणजे कॉफीनं इथं नांदावं असं काहीच नाही.

एक गंमत मात्र सांगते. परदेशी कॉफीच्या पाकिटांवर 'ज्वालामुखीच्या मातीत पिकलेली' असं मोठ्या अभिमानानं छापतात. आपली काळी माती तरी कुठून आली? साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारस पसरला, थंड झाला, त्याचा काळा कातळ झाला आणि तो झिजून झिजून आपली काळी माती झाली. आपण रोज ज्या भाकरीचा घास मोडतो तीही ज्वालामुखीच्या मातीतलीच! फक्त आपल्या आट्याच्या पाकिटावर तसं कुणी छापत नाही.

कॉफीला न मानवणाऱ्या याच मातीत तूर मात्र सुखानं नांदते. तुरीचं मूळ खोल जातं. जूनमध्ये पेरलेली तूर पावसाळाभर नुसती वाढते. पाऊस परतला, सोयाबीन निघालं, रान मोकळं झालं, की मग तिचे दिवस येतात. काळ्या मातीनं खाली धरून ठेवलेली ओल, पहाटेचं दव आणि दुपारचं कोवळं ऊन, एवढ्यावर ती फुलते, शेंगा धरते आणि दाणा भरते. साडेपाच-सहा महिन्यांचं पीक. इथंही तोच सावकाशपणा आहे, बघा. कॉफीला तो डोंगर देतो, तुरीला आपली माती आणि हिवाळा देतो. वर तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत साठवतात, म्हणजे जाताना रानाला खाऊपिऊ घालून जाते ती.

या तुरीची ओली चव ज्यांना पाहायची त्यांनी येळवशीला लातूरकडे यावं. मार्गशीर्ष अमावस्येला आख्खं गाव रानात जातं. ताज्या तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणा, पालेभाज्या, चिंचेचं पाणी आणि बेसन घालून केलेली भज्जी, सोबत बाजरीचे उंडे आणि मडक्यातली आंबील. माझं माहेर निलंगा तालुक्यातलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तशी भज्जी मला नांदेडच्या मंडईतल्या दाण्यांत कधी जमली नाही. आई म्हणते, "शेंग तोडली की तासाभरात भांड्यात पडली पाहिजे, मग गोडी राहते." खरंच आहे ते. ओल्या दाण्यातली साखर तोडल्यापासून उतरायला लागते.

अर्धी चव शेतात, अर्धी खळ्यावर

चव फक्त मातीतच ठरते असं मात्र नाही. पीक घरात आल्यावर हात कुणाचे लागतात, त्यानंही ती बदलते. कॉफीची एक गोष्ट मला फार आवडली. जुन्या काळी मलबार किनाऱ्यावरून शिडाच्या जहाजांतून कॉफी युरोपला जायची. आफ्रिकेला वळसा घालून जायला महिनोन् महिने लागत. समुद्राच्या दमट हवेनं बिया फुगायच्या, पिवळट पडायच्या, त्यांचा आंबटपणा जायचा. तिकडच्या लोकांना हीच चव पसंत पडली. पुढे १८६९ मध्ये सुएझचा कालवा सुरू झाला, वाफेची जहाजं आली, माल झटपट पोचू लागला. तर लोक म्हणू लागले, ही आमची कॉफी नव्हेच! मग किनाऱ्यावरच्या गोदामात पावसाळ्याच्या वाऱ्यावर बिया पसरून, उलथून-पालथून तीच जुनी चव मुद्दाम तयार करायला सुरुवात झाली. 'मॉन्सून्ड मलबार' या नावानं ती आजही विकली जाते. हवामानाचा नखरा, पण त्याचंही सोनं केलं!

आपल्याकडे असं काय आहे म्हणाल, तर हळद. वसमत, हिंगोली, अर्धापूर या पट्ट्यात फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर हवेलाच हळदीचा वास येतो. हळद काढायची, शिजवायची, पंधरा दिवस उन्हात वाळवायची, मग पॉलिश करायची. शिजवताना जरा कमी-जास्त झालं की रंग आणि वास दोन्ही जातात. शिजली की नाही हे बायका काडी टोचून, बोटांनी दाबून ओळखतात. त्या बोटांना कुणी पदवी दिलेली नाही, पण कामाच्या त्याच आहेत. आपल्याकडे जास्त करून जे वाण लावतात ते 'सेलम'. नाव तमिळनाडूतल्या गावाचं आणि घर केलं ते आमच्या गोदावरी-पैनगंगेच्या पट्ट्यात. बाबा बुदानांच्या सात बियांसारखंच झालं की नाही?

डाळीचंही तसंच. माझ्या लहानपणी आई तुरी भिजवायची, उन्हात वाळवायची आणि जात्यावर भरडायची. मग सुपात पाखडून फोलपट वेगळं, चुणी वेगळी, डाळ वेगळी. चुणी म्हशीला. ती डाळ दिसायला ओबडधोबड, मळकट पिवळी. पण शिजायला लागली की वासानंच भूक लागायची. आजची गिरणीतली डाळ पॉलिश होऊन येते, आरशासारखी चमकते. चमक डोळ्यांसाठी असते, जिभेसाठी नाही. तेवढं लक्षात ठेवलं की बरंच काम होतं.

व्यापाऱ्याला पत्ता ठाऊक, आपल्यालाच नाही

मला सगळ्यात नवल कशाचं वाटलं सांगू? लातूरच्या आडत बाजारात माझे एक चुलतभाऊ काम करतात. त्यांना म्हटलं, "दादा, तुरीच्या गावाला बाजारात काही किंमत असते का हो?" ते म्हणाले, "असते तर! आमची सगळी बोली त्याच्यावरच चालते." मग त्यांनी नावं सांगितली. म्यानमारहून येते ती 'लेमन'. आफ्रिकेतल्या टांझानियातून येते ती 'अरुशा' आणि 'मटवारा', ही दोन्ही तिथल्या गावांची नावं. शिवाय 'गजरी' वेगळी. देशी मालात पांढरी वेगळी, लाल वेगळी. कोणती लवकर शिजते, कोणतीची डाळ जास्त निघते, कोणती चवीला, सगळं त्यांना तोंडपाठ, आणि दरही त्याप्रमाणे वेगळे.

म्हणजे बघा, गोणीत असेपर्यंत तुरीला गाव असतं. गिरणीत गेली, सालं निघाली, की गावही निघून जातं. पाकिटात येते ती नुसती 'तूरडाळ'.

आयातीला मी नावं ठेवत नाही. जगात सगळ्यात जास्त तूर पिकवणारे आपण, सगळ्यात जास्त खाणारेही आपणच. आपली तूर आपल्यालाच पुरत नाही. २०१५ मध्ये डाळ दोनशे रुपये किलोवर गेली होती ते दिवस कुठली गृहिणी विसरेल? वरणात पाणी वाढवून आपण ते वर्ष काढलं. त्यानंतर २०१६ मध्ये सरकारनं मोझांबिकशी डाळीचा करार केला. पण त्याच हंगामात आपल्या शेतकऱ्यांनी विक्रमी तूर पिकवली आणि भाव हमीभावाच्याही खाली कोसळला. खरेदी केंद्रांपुढे गाड्यांच्या रांगा लागल्या. माझा भाऊ त्या रांगेत तीन रात्री झोपला होता. घरी येऊन तो एवढंच म्हणाला, "ताई, आपली तूर खायला चांगली आहे हे ढिगाऱ्यात कुणाला कळणार?"

त्याचं ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. चांगल्या चवीला वेगळा भाव नसेल, तर शेतकरी चवीसाठी कशाला झटेल? तो जास्त उतारा देणारं, रोगाला न पडणारं, लवकर निघणारं वाण घेईल, नाहीतर तूर सोडून नुसतं सोयाबीन पेरेल. त्याला दोष कसा द्यायचा? बदनापूरच्या संशोधन केंद्रानं मर आणि वांझ रोगाला दाद न देणारी वाणं काढली, त्यामुळे तर तूर आपल्याकडे टिकली. पण आईच्या मडक्यात राख लावून ठेवलेलं जे घरचं बी होतं, ते आता आमच्या माहेरी कुणाकडेच नाही. ते गेलं तेव्हा कुणी रडलंही नाही, कारण त्याला नावच नव्हतं.

आमच्या भिशीतली परीक्षा

कॉफीची परीक्षा करणारे लोक असतात म्हणे. सारख्या कपांत सारख्या वजनाची पूड, सारखं गरम पाणी, चार मिनिटं थांबायचं आणि मग चमच्यानं आवाज करत भुरका मारायचा. हो, आवाज करत! भुरक्याबरोबर हवा आत जाते आणि वास नाकात चढतो. आपण मुलांना भुरका मारू नको म्हणून दटावतो, तिथे तोच पोटापाण्याचा धंदा आहे.

म्हटलं, आपण वरणाची अशी परीक्षा का घेऊ नये? आमच्या भिशीत आठ जणी. तीन डाळी घेतल्या. एक माहेरहून आलेली, भावाच्या रानातली. दुसरी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातली सुटी. तिसरी चकचकीत पाकिटातली. तिन्ही सारख्या मापानं, सारख्या पाण्यात, एकाच कुकरमध्ये तीन डबे लावून शिजवल्या. हळद-मीठ सारखं, फोडणी नाही, तूप नाही. वाट्यांना खालून कुंकवाचे ठिपके लावले, एक, दोन, तीन. कुणाला काही सांगितलं नाही.

आठपैकी पाच जणींनी पहिली वाटी उचलली. "ही एकजीव झालीय," "हिला वास आहे," "ही गोड लागतेय, गूळ घातलास का?" असं म्हणाल्या. पाकिटातली दिसायला सगळ्यांत पिवळी, पण एक मैत्रीण म्हणाली, "ही नुसती पाहुण्यांपुढे ठेवायची." हसून हसून मुरकुंडी वळली. देगलूरच्या काकूंना मात्र सुटी डाळच आवडली. त्यांनी ठामपणे सांगितलं, "ही आमच्याकडची आहे." दुसऱ्या दिवशी त्या दुकानात विचारायला गेल्या. दुकानदार म्हणाला, "काकू, ही उदगीरच्या मिलची. तूर कुठली, ते मिलवाल्याला ठाऊक." उदगीर म्हणजे देगलूरचा शेजारच की. काकूंची जीभ खरी होती की नाही, ते आता कुणालाच सांगता येणार नाही, कारण कागदावर काही लिहिलेलंच नाही.

लातूरहून बदलून आलेली एक मैत्रीण म्हणाली, "डाळीचं सोडा, पाण्याचं बघा." २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा ती तिथे होती. खोल बोअरच्या जड पाण्यात डाळ शिजता शिजायची नाही, गॅस मात्र संपायचा. त्याचं कारण असं, की जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम दाण्याला आवळून धरतं, त्याला मऊ होऊ देत नाही. डाळ जुनी असेल, गरम दमट जागी ठेवलेली असेल, तरीही ती अशीच हटून बसते. म्हणून डाळीला नावं ठेवण्याआधी पाणी आणि डाळीचं वय दोन्ही पाहावं.

नाव मिळालं, पण पुढे?

आता एक चांगली बातमी. एखाद्या वस्तूचा गुण त्या गावामुळे असेल, तर तिला गावाचं नाव कायद्यानं राखून देता येतं. याला भौगोलिक मानांकन म्हणतात. १९९९ चा कायदा, २००३ पासून लागू, आणि पहिला मान दार्जिलिंगच्या चहाला. चेन्नईच्या कार्यालयात नोंद होते, ती दहा वर्षांची असते आणि पुढे वाढवता येते. कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुदनगिरी, वायनाड आणि अरकू या कॉफ्यांना हा मान २०१९ मध्ये मिळाला. अरकूची कॉफी आंध्रातले आदिवासी शेतकरी पिकवतात. २०१७ मध्ये त्या नावाचं दुकान थेट पॅरिसमध्ये उघडलं. नावाला किती बळ असतं बघा!

आपणही मागे नाही. मराठवाड्याचा केशर आंबा, जालन्याची मोसंबी, बीडचं सीताफळ यांना हे मानांकन आधीच मिळालं होतं. २०२३-२४ च्या सुमारास त्यात आपल्या लातूर जिल्ह्याची तीन नावं आली: बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्ती कोथिंबीर. वसमतच्या हळदीचंही नाव लागलं. बोरसुरी आणि पानचिंचोली दोन्ही माझ्या माहेरच्या निलंगा तालुक्यातली. म्हणजे डाळ, चिंच, कोथिंबीर आणि हळद, आख्खी आमटीच मानाची झाली की!

पण मैत्रिणींनो, नाव लागणं ही सुरुवात आहे. कायद्यानं ते नाव वापरायचं, तर शेतकऱ्याला 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतःची नोंद करावी लागते. तूर वेगळी ठेवावी लागते, वेगळी भरडावी लागते, पाकिटावर नाव घालावं लागतं. हा सगळा खर्च तो कधी करेल? दुकानात कुणी त्या नावानं डाळ मागेल तेव्हाच. आणि दुकानात डाळ मागायला जातं कोण? आपणच.

आपल्या हातात काय आहे?

पहिलं, दुकानात विचारायचं. "भाऊ, तूर कुठली?" एकीनं विचारलं तर तो हसेल. दहा जणींनी विचारलं तर तो गिरणीवाल्याला विचारेल.

दुसरं, जमलं तर थेट गावाकडून घ्यायचं. नवी तूर जानेवारी-फेब्रुवारीत येते. चार-पाच घरांनी मिळून एक क्विंटल तूर घेतली तर सत्तर-पंचाहत्तर किलो डाळ पडते. अकोल्याच्या कृषी विद्यापीठानं काढलेली मिनी दालमिल आता बऱ्याच बचत गटांकडे आहे, तिथे भरडून मिळते. आमच्या भिशीनं यंदा हेच केलं. चुणी सुद्धा वाया गेली नाही, गवळीकाकांनी आनंदानं नेली.

तिसरं, ज्या बहिणी बचत गटातून डाळ, हळद, तिखट विकतात, त्यांनी पाकिटावर गावाचं नाव, वाण आणि काढणीचा महिना लिहावा. खरं असेल तेवढंच लिहावं. दुसऱ्या गावचं नाव लावलं तर चार दिवस खपेल, पण त्या गावच्या बाईचा घास जाईल. मानांकन असलेलं नाव तर नोंदीशिवाय वापरताच येत नाही.

चौथं, घरात वरणाची एक परीक्षा नक्की घ्या. मुलांना घ्या सोबत, ठिपके लावायला त्यांना मजा येते. कुठली आवडली आणि का, ते वहीत लिहून ठेवा. 'गोडूस', 'चिकट', 'पाणचट', 'भरीव', 'मातकट', असे कितीतरी शब्द आपल्या आयांकडे आहेत. कॉफीवाल्यांनी आपले शब्द पाकिटावर छापले म्हणून जगानं ऐकले. आपले शब्द चुलीपाशीच राहिले.

तुमच्या गावची अशी एखादी चव असेल, म्हणजे कंधारकडची ज्वारी, मुखेडकडचं तिखट, अहमदपूरकडचा गूळ, काहीही, तर मला कळवा. कुठल्या रानातली, कोण पिकवतं, तुमच्याकडे त्याला काय म्हणतात आणि त्याचं काय करून खाता, तेवढं लिहा. पुढच्या वेळी त्यातली काही पत्रं इथे घेऊ.